अर्थ उद्या इचार

जूचंद्रला खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकीणबाईंनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता, "तुला सपनात जिना दिसतो का गो?"

आईला वाटलं, बाई खोलीच्या जिन्याबद्दल विचारताहेत. ती घाईघाईने म्हणाली, "थोडा उभा आहे जिना, पण आम्हाला चालेल."

"तुला नाय. हिला इचारते."

मी म्हटलं, "दिसतो कधीकधी."

"चढतंस का उतरतंस?"

"आठवत नाही."

"बरं हाय," त्या म्हणाल्या आणि ओच्यातली किल्ली काढून त्यांनी आईच्या हातात ठेवली. मी नोकरी कुठे करते, घरात माणसं किती, आम्ही मूळचे कुठले, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. बाहेर पडल्यावर बाबा म्हणाले, "बाई एकतर फार भोळी आहे, नाहीतर फार पोचलेली." बाबा दादरला साड्यांच्या एका दुकानात उभा जन्म विक्रेते होते. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर असतानाच ते त्याला ओळखायचे. या बाईंच्या बाबतीत मात्र त्यांनाही ठरवता आलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. परळची आमची खोली काकांच्या वाट्याला गेली होती. मी फोर्टमध्ये एका विमा कंपनीच्या हिशेब विभागात होते आणि माझ्या पगारात बसेल अशी जागा नायगावच्या पूर्वेला, जूचंद्रमध्येच मिळत होती. घर शेताच्या बांधाला लागून होतं. मागे वांग्यांचे वाफे, त्यापलीकडे भातशेती, आणि वारा फिरला की खाडीचा खारट वास थेट स्वयंपाकघरात. तळमजल्यावर मालकीणबाई एकट्या, वर दोन बिऱ्हाडं: एक आमचं, एक रिक्षावाल्याचं. सगळे त्यांना मावशी म्हणायचे, आम्हीही म्हणू लागलो. साठीच्या असाव्यात. नऊवारी लुगडं, कानात जड बाळ्या, आणि लहानमोठ्या सगळ्यांना सरसकट अरे-तुरे.

सपनातल्या जिन्याचा उलगडा मला पंधरवड्यानंतर झाला.

मावशींचा नवरा मालवाहू जहाजावर इंजिनघरात कामाला होता. जपानच्या कुठल्याशा बंदरात जुन्या सामानाच्या दुकानात व्हिडिओ टेपा ढिगाने मिळायच्या. त्याला तिथलं अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून तो वेष्टनावरचं चित्र बघून टेपा उचलायचा. त्याची नजरही जगावेगळीच असणार, कारण एका वेष्टनावर पोटात ट्यूबलाइट पेटलेला मासा होता, तर दुसऱ्यावर बाईच्या केसांतून निघालेला लांबच लांब पूल. त्या टेपा चालतील असा टीव्ही आणि व्हीसीआरसुद्धा त्यानेच आणलेला. आम्ही राहायला येण्याच्या पुष्कळ आधी तो वारला होता. "मानूस गेला, चित्रं ठेवून गेला," असं मावशी सांगायच्या, आणि हे सांगताना त्यांचा आवाज जराही जड व्हायचा नाही.

ती म्हणजे जपानी अ‍ॅनिमे. हा शब्द मला पुढे कितीतरी वर्षांनी कळला. मावशी नुसतं 'चित्रं' म्हणायच्या. कोणी 'कार्टून' म्हटलं की त्यांना ते लागायचं. "कार्टून पोरांचा. ही मोठ्या मान्सांची चित्रं हायत." टेपांना त्यांनी स्वतःच नावं ठेवली होती: मासेवालीची, उलट्या पावसाची, डोंगरांच्या मारामारीची, कपाटांची. पावसाळ्यात टेपेला बुरशी धरते म्हणून प्रत्येक टेप प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्या तांदळाच्या पिंपात पुरून ठेवायच्या. चित्र बघायला जायचं म्हणजे आधी मावशी कोपरापर्यंत तांदळात हात घालून चाचपत बसणार, मग नेमकी हवी ती टेप वर येणार, तिच्यावरचा कोंडा पदराने पुसला जाणार.

कोणालाही कुठलंही चित्र दाखवायचं नाही, हा त्यांचा कायदा होता. त्यांच्या लेखी चित्रांना पायऱ्या होत्या. सगळ्यात खालची मासेवालीची. तिच्यात बाजारात मासे पाटावर बसलेले असतात आणि टोपलीत माणसं मांडलेली असतात. गिऱ्हाईक मासे येतात, माणसांचे गाल दाबून ताजी आहेत का बघतात आणि घासाघीस करतात. हे बघून जो हसला तो वर चढायला लायक. ज्याने नुसतं तोंड वाकडं केलं त्याला चहा देऊन परत पाठवायचं. सगळ्यात वरची पायरी म्हणजे 'काहीच नाय'. एक बाई खुर्चीत बसलेली असते, आणि तासभर तिच्याभोवतीची खोली हळूहळू म्हातारी होत जाते. बास. ते चित्र त्यांनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनाच दाखवलं होतं.

कोणाला कुठली पायरी, हे ठरवायला त्यांचे प्रश्न असायचे. जेवताना मधेच उठवलं तर राग येतो का? लहानपणी अंधारात काय दिसायचं? घरात एकटी असलीस तर बोलतंस का, आणि बोलतंस तर कोनाशी? उत्तर काय आलं याकडे त्यांचं फारसं लक्ष नसायचं. देणारा कसा देतो ते त्या बघायच्या.

आमच्या शेजारच्या रिक्षावाल्याने एकदा खाली येऊन विचारलं, "मावशी, मारामारीचा पिक्चर हाय का एखादा?"

"हाय की."

त्यांनी त्याला डोंगरांच्या मारामारीचं लावून दिलं. दोन डोंगर समोरासमोर उभे. एक डोंगर दुसऱ्याला ठोसा मारायला हात उचलतो. तो हात इतका सावकाश येतो की मधल्या काळात त्याच्यावर झाडं वाढतात, गावं वसतात, लग्नं लागतात. रिक्षावाला अर्ध्यातच उठला. "काय पन दाखवते ही म्हातारी," असं बडबडत जिना चढला. दोन-तीन दिवसांनी दुपारी रिक्षा दाराशी लावून तो परत आला. उंबऱ्यातच उभा राहून, जरा शरमून म्हणाला, "मावशी, त्यो ठोसा शेवटी लागला का वो?"

"बस," मावशी म्हणाल्या. "आता तुला दाखवते."

दुसरा कायदा आणखी कडक होता. चित्र बघताना किंवा संपल्या संपल्या 'म्हणजे काय?' असं विचारायचं नाही. "अर्थ उद्या इचार. आज नाय." मध्येच कोणी विचारलंच तर त्या व्हीसीआर थांबवायच्या आणि त्या माणसाला वांग्यांना पाणी घालायला पिटाळायच्या. मी हिशेबवाली. बाकी उरलेली मला चालत नाही. पहिल्या आठवड्यात मी वांग्यांना इतकं पाणी घातलं की मावशीच म्हणाल्या, "पुरे, मुळं कुजतील."

मला त्यांनी उलट्या पावसाचं दाखवलं होतं. एका गावात पाऊस जमिनीतून वर पडतो. त्यात उडून जाऊ नये म्हणून माणसं कमरेला दगड बांधून फिरतात. दगड बांधूनच बाजाराला जातात, दगड बांधूनच झोपतात. एक बाई सगळं चित्रभर आपल्या दगडाची गाठ सोडत असते. गाठ सुटते, आणि चित्र संपतं. ती उडाली की बुडाली की तिथेच उभी राहिली, काही दाखवत नाहीत.

मी चिडले. म्हटलं, "मावशी, हे बरोबर नाही. पुढे काय झालं ते सांगायला नको?"

"गावच्या देवळासमोर रांगोळ्या काढतात, बघितल्यास ना?" त्यांनी विचारलं. जूचंद्रच्या रांगोळ्या बघायला लांबून माणसं येतात. मी अर्थातच बघितल्या होत्या. "तवा इचारलंस का रांगोलीला, पुढं काय झालं म्हनून? उभी राहून बघत होतीस ना नुसती? मंग हिला पन बघ."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या टेबलावर फायलींवर ठेवलेलं पेपरवेट मी उचललं आणि कितीतरी वेळ हातात धरून बसले. पुढे काय झालं हा प्रश्न मी मावशींना परत विचारला नाही. त्याच आठवड्यात मात्र मी एक गोष्ट केली. ऑफिसच्या खात्यांतर्गत परीक्षेला बसायचं मी घरचं बघायचं म्हणून दरवर्षी टाळत होते; त्या वर्षी अर्ज भरला. याचा चित्राशी संबंध होता का, मी सांगू शकणार नाही. मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मला काय इचारतंस? गाठ तुझी."

वीज सारखी जायची. ऐन चित्रात वीज गेली की बाकीचे हळहळायचे, मावशी उलट सरसावून बसायच्या. "आता सांगा, पुढं काय होनार?" मग बसलेल्या प्रत्येकाने पुढचं सांगायचं. रिक्षावाल्याची बायको एरवी चार शब्दही बोलायची नाही, पण ती असं काही सांगायची की वीज आल्यावर खरं चित्र फिकं वाटायचं. मावशी तिला म्हणायच्या, "तुझ्या डोक्यात जपान हाय गो."

आम्हाला तिथे राहायला येऊन वर्ष झालं असेल नसेल, बाबांना पक्षाघाताचा झटका आला.

जीव वाचला. उजवा पाय आणि हात महिन्याभरात थोडेफार हलायला लागले. गेले ते शब्द. ज्या माणसाने जन्मभर बोलून पोट भरलं, एका साडीवर अर्धा तास बोलून गिऱ्हाइकाला तीन साड्या घ्यायला लावल्या, त्याला 'पाणी' म्हणता येईना. पाणी म्हणायला जावं तर तोंडातून 'शनिवार' यायचं. कपाटाला भाजी, आईला पंखा. आपण चुकीचं बोलतोय हे त्यांना कळायचं, ते सगळ्यात वाईट. दुसऱ्यांचं बोलणंही अर्धंमुर्धंच पोचायचं. डॉक्टर म्हणाले, येतील शब्द परत, किती आणि कधी ते सांगता येणार नाही.

आई त्यांना शिकवायला बसायची. "पाणी म्हणा. पा-णी." ते म्हणायचे, "शनिवार." आई म्हणायची, "नाही, शनिवार नाही, पा-णी." भेटायला येणारे नातेवाईक मोठ्याने आणि तुकडे पाडून बोलायचे, बहिऱ्याशी बोलावं तसं. टीव्हीवरच्या बातम्या लावल्या तर ते रिमोट भिरकावायचे, कारण सगळं जग बोलतंय आणि आपण बाहेर उभे, हे त्यांना सोसत नव्हतं. हळूहळू त्यांनी बोलायचा प्रयत्नच सोडला. मग भिंतीकडे तोंड करून पडू लागले. मग जेवण नाकारू लागले. आई घास पुढे करायची आणि ते ओठ घट्ट मिटून घ्यायचे. एका रविवारी आईने ताट जमिनीवर ठेवलं आणि मोठ्याने रडायला लागली. तो आवाज खाली गेला असणार.

मावशी जिना चढून वर आल्या. ताटाकडे बघितलं, भिंतीकडे तोंड केलेल्या बाबांकडे बघितलं, आणि मला म्हणाल्या, "याला चित्र दाखवायला पायजे."

माझा संताप झाला. "मावशी, त्यांना काही समजत नाही हो. मराठी समजत नाही, तिथे जपानी काय समजणार?"

"मला तरी कुठं समजतं?" त्या म्हणाल्या. "तुला समजतं? हिला समजतं? बरंच हाय की मंग."

त्या घरात इतके दिवस आम्ही बाबांना आमच्या बाजूला ओढत होतो. या बाईने एका वाक्यात आम्हा सगळ्यांना बाबांच्या बाजूला नेऊन बसवलं होतं.

बाबांना जिना उतरवणं शक्य नव्हतं. मावशींनी रिक्षावाल्याला हाक मारली आणि दोघांनी मिळून तो अवजड टीव्ही वर आणला. मग व्हीसीआर. मग मावशी पिंपात हात घालून कपाटांची टेप घेऊन आल्या. टीव्ही त्यांनी भिंतीशी, बाबांच्या तोंडासमोर ठेवला. स्वतः त्यांच्याकडे पाठ करून जमिनीवर बसल्या. 'बघा हं, काय मज्जा आहे,' वगैरे काही नाही. ते बघताहेत की नाही, हे एकदाही वळून पाहिलं नाही.

कपाटांच्या चित्रात एका शहरातली सगळी कपाटं एका सकाळी घरांतून बाहेर पडतात आणि समुद्रावर आंघोळीला जातात. रस्त्याने ओळीने चालताहेत, दारं उघडमीट होताहेत, आतले कपडे ओघळताहेत. समुद्रावर पोचल्यावर एकेक जण पाण्यात शिरतं. एक जाडं, जुनं, आरशाचं कपाट मात्र पाण्याला भितं. ते किनाऱ्यावरच्या खांबाला दोन्ही दारांनी मिठी मारतं. बाकीची त्याला ओढतात. आपसात जपानीत काहीतरी कचाकचा भांडतात. जाडं कपाट खांब सोडत नाही.

मागून एक आवाज आला. आधी मला खोकला वाटला. वळून बघितलं तर बाबा हसत होते. तोंडाची एक बाजू अजून नीट हलत नव्हती, म्हणून हसू वाकडं होतं, पण खांदे हलत होते. त्यांनी डावा हात उचलून पडद्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "भाजी!"

आई सवयीने म्हणाली, "भाजी नाही हो, कपा..."

"हां, भाजी," मावशी पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "जाडी हाय भाजी. पान्यात जायाला नको म्हनते."

"शनिवार," बाबा म्हणाले.

"शनिवारात जायाला नको म्हनते. भित्री हाय भाजी."

बाबांनी मावशींच्या पाठीकडे असं बघितलं की ते मी विसरू शकत नाही. परदेशात हरवलेल्या माणसाला अचानक आपल्या गावचं कोणी भेटावं, तसं. त्या दुपारी ते उठून बसून जेवले. आईने भरवायला घास उचलला तर त्यांनी डाव्या हाताने ताट आपल्याकडे ओढलं.

मावशींनी आईला बाहेर नेऊन सांगितलं, "त्याला सुधरवू नको. शब्द येतोय ना? येऊ दे. कुठला का येईना."

मावशींनी बाबांना बरं केलं, असं मी म्हणणार नाही. औषधं होती, व्यायाम होता, आईची अहोरात्र सेवा होती. पण बरं व्हायला माणसाची स्वतःची इच्छा लागते, आणि ती त्या जाड्या कपाटाबरोबर आमच्या घरात आली. टीव्ही महिनाभर वरच राहिला. मग बाबा आईच्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरायला शिकले आणि टीव्ही परत खाली गेला. रोज दुपारी चित्र. बाबा पायऱ्या भराभर चढले. डोळ्यांचं म्हणून एक चित्र होतं, ज्यात घरांच्या भिंतींना डोळे फुटतात आणि मी अर्ध्यात उठून गेले होते. ते त्यांनी सलग दोनदा बघितलं. 'काहीच नाय' बघताना ते खुर्चीतल्या त्या बाईसारखे निश्चल बसले आणि संपल्यावर मावशींना हात जोडले. हे सगळं चालू असताना खाली एक वेगळीच भाषा तयार झाली होती. शनिवार, भाजी, पंखा. मावशी ती अस्खलित बोलायच्या. "पंख्याला सांग, चाय ठेव," असं त्या म्हणाल्या की आई हसत चहा ठेवायला जायची.

एकदा शेजारच्या आळीतल्या एक शिक्षिका मावशींची कीर्ती ऐकून आल्या. चाळिशीच्या, अंगावर इस्त्रीची साडी, बोलणं तुटक. "मलाही दाखवा एखादं. हलकंफुलकं काहीतरी," त्या म्हणाल्या. मावशींनी आपले प्रश्न सुरू केले. सपन पडतं का, अंधारात काय दिसतं. बाई कंटाळलेली उत्तरं देत होत्या. बाबा कोपऱ्यात बसले होते. त्यांनी मान जराशी कलती करून त्या बाईंकडे बघायला सुरुवात केली. चपलांकडे, हातांकडे, खांद्यावरच्या पदराकडे. ते बघणं मी लहानपणी दुकानात पुष्कळदा पाहिलं होतं. मग ते काठी टेकत उठले, पिंपाजवळ गेले, डावा हात तांदळात घातला आणि 'काहीच नाय' वर काढली.

"अरे, पयल्याच दिवशी?" मावशी म्हणाल्या. "पळून जाईल ती."

बाबांनी टेप त्यांच्या हातात कोंबली. "ही," ते म्हणाले. "हिला ही."

शिक्षिकाबाईंनी ते सगळं बघितलं. हलल्या नाहीत. संपल्यावर पर्स उचलली आणि गेल्या. मावशी बाबांना म्हणाल्या, "बघ, घालवलास ना मानूस." दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याच बाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, तेच परत लावाल का? तिसऱ्या दिवशी परत. मग सांगितलं, आईला जाऊन वर्ष झालं, शेवटी ती अशीच खुर्चीत बसून असायची, आणि मी घाईत असायचे. पुढे त्या नियमाने यायच्या.

त्या दिवसापासून मावशींनी पिंपाचं झाकण बाबांच्या स्वाधीन केलं. "कोनाला काय द्यायचं, तू ठरव. तुझी नजर बरी हाय माझ्याहून." प्रश्न मावशी विचारायच्या, टेप बाबा काढायचे. दुकान सुटल्यापासून बाबा इतके ताठ बसलेले मी पाहिले नव्हते.

आता ते घर नाही. तिथे सात मजली इमारत आहे आणि वांग्यांच्या जागी पार्किंग. मावशी गेल्या, बाबाही त्यांच्यामागे काही वर्षांनी गेले. मी विरारला चंदनसारमध्ये फ्लॅट घेतला. ती खात्यांतर्गत परीक्षा मी दुसऱ्या खेपेला पास झाले होते, म्हणून घेता आला. ऑफिसातल्या नव्या मुली अ‍ॅनिमे बघतात. माझं वेड त्यांना कळल्यावर विचारतात, "मॅडम, एकदम हटके काहीतरी सांगा ना, कुठून सुरू करू?" मी त्यांना आधी विचारते, जेवताना मधेच उठवलं तर राग येतो का? त्या एकमेकींकडे बघून हसतात. मी सांगितलेलं बघून काही जणी दुसऱ्या दिवशी तणतणत येतात, काहीच कळलं नाही म्हणून. त्यांच्यातल्याच काही आठवड्याने हळूच येऊन पुढचं विचारतात. मावशींच्या टेपांची खरी नावं मात्र मला अजून सापडलेली नाहीत, आणि मी फार शोधलीही नाहीत. माझ्यापुरती त्यांची नावं ठेवून झालेली आहेत.

पण मला सांगायचं आहे ते मावशींच्या मोतीबिंदूचं.

आम्ही तिथे होतो त्या शेवटच्या वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि महिनाभर टीव्ही बंद म्हणून बजावलं. नेमका त्याच सुमारास नवऱ्याचा जहाजावरचा जुना दोस्त, पापडी गावचा, रजेवर आला आणि एक नवी टेप देऊन गेला. नवं चित्र घरात, आणि बघायची बंदी. मावशींचं डोकं फिरलं. उठता-बसता डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडायच्या. दुसऱ्या डोळ्याने बघते म्हणायच्या. आईने टीव्हीवर चादर टाकून वरून शिवली, तेव्हा कुठे थांबल्या.

एका दुपारी मी घरी होते. बाबा काठी घेऊन निघाले. आईने आधार द्यायला हात पुढे केला, तर त्यांनी मानेने नको म्हटलं आणि एकटेच एकेक पायरी उतरले. आम्ही दोघी मागोमाग गेलो. बाबांनी चादरीची शिवण उसवली. मावशींची खुर्ची उलटी फिरवून त्यांना टीव्हीकडे पाठ करून बसवलं. टेप लावली आणि त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसले. पडदा बाबांना दिसत होता, मावशींना दिसत होते फक्त बाबा, तेही काळ्या चष्म्यातून.

आणि बाबा सांगू लागले.

"कंदील," ते म्हणाले. "मोठा. कंदील... चालतो." थांबले. घाम आला होता. "मामा झाला. कंदील मामा."

"कोनाचा मामा?"

"डोंगराचा. मामा रडतो. नाही... शिंकतो. शिंकतो, आणि सगळे... सगळे..." शब्द सापडेना. त्यांनी दोन्ही हात हवेत उडवले.

"उडाले?"

"उडाले!"

मावशी टाळी वाजवून हसल्या. मी पडदा बघत होते. तिथे मामा नव्हता, शिंक नव्हती. एक दिवा घेतलेला माणूस धुक्यातून चालला होता, बस. अर्धं बाबांच्या तोंडात भलताच शब्द आल्यामुळे घडत होतं आणि तो शब्द आलाच आहे म्हटल्यावर पुढचं अर्धं ते त्याला धरून रचत होते. तासभर ते बोलले. आजारपणानंतर इतकं सलग ते कधीच बोलले नव्हते. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने एकही शब्द सुधारला नाही.

महिना झाला. चष्मा निघाला. मावशींनी सगळ्यांना बोलावलं आणि ते नवं चित्र पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. चित्र सुरेखच होतं. संपल्यावर मात्र आपलाच कायदा मोडून त्यांनी तिथल्या तिथे विचारलं, "याच्यात मामा कुठं हाय?"

बाबा ओशाळले. खाली बघू लागले.

"शिंक पन नाय," मावशी म्हणाल्या. "नुसता दिवा घेऊन फिरतोय मेला. तू सांगितलास तो बरा होता." त्यांनी टेप मागे फिरवली, टीव्हीचा आवाज बंद केला आणि आपली खुर्ची परत बाबांकडे वळवून बसल्या. "चल. पयल्यापासून सांग."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. त्यांनी घसा साफ केला.

"एक गाव होतं," ते म्हणाले.

आईने माझा हात घट्ट धरला. तीन शब्द, तिन्ही जागच्या जागी, एकही चुकलेला नाही. बाबांनाही ते कळलं असावं, कारण ते थबकले आणि आपणच बोललो का, अशा नजरेने इकडेतिकडे बघू लागले.

मावशींना त्याचं काहीच नवल वाटलं नाही. त्या पुढे सरकून म्हणाल्या, "कुठलं गाव? नीट सांग."